मूल दोघांचं, तर तपासणीही दोघांची
पुरुषाचं शरीर आणि शुक्राणूंची गोष्ट



मागच्या अंकात आपण पाळीचं चक्र, गर्भपिशवी आणि बीजकोश यांची माहिती घेतली. तो अंक गटाच्या बैठकीत वाचून झाल्यावर बऱ्याच ताईंनी एकच विचारलं, "आपलं झालं, पण बाप्यांचं काय? मूल काय एकट्या बाईच्या पोटातून उगवतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून या वेळचा लेख पुरुषाच्या शरीरावर.

वाचताना थोडी लाज वाटेल. वाटू द्या. पण न बोलण्याची किंमत आपणच मोजतो. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सून दवाखान्यात जाते. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, नळ्यांचा फोटो तिचा, दुर्बीण तिच्या पोटात. उपास तिचे, अंगारा तिला, टोमणेही तिलाच. नवऱ्याची साधी एक तपासणी मात्र राहून जाते. आपल्या गटांतून आजारपणासाठी जी कर्जं जातात, त्यातली काही याच कारणासाठी असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पुरुषाचं शरीर कसं चालतं हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

मराठीत या विषयावर उघड बोलायला सुरुवात होऊनही खूप वर्षं झाली. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं ते याचसाठी. आता आपण बोलू या.

कोणता अवयव काय काम करतो

बाहेरून दिसतात ते दोनच भाग. एक लिंग, त्याला पुस्तकात शिश्न म्हणतात. दुसरी त्याच्या खालची कातड्याची पिशवी, म्हणजे वृषणकोश. या पिशवीत दोन गोळ्या असतात. बोलीत आपण त्यांना गोट्या किंवा अंड म्हणतो, पुस्तकात वृषण म्हणतात. बाईला जसे दोन बीजकोश, तसे पुरुषाला दोन वृषण. एक थोडा खाली आणि एक थोडा वर असणं नेहमीचंच आहे.

वृषण दोन कामं करतात, आणि ही दोन्ही कामं वेगवेगळी आहेत. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिलं काम शुक्राणू तयार करण्याचं. शुक्राणू म्हणजे पुरुषाचं बीज. प्रत्येक वृषणात केसासारख्या बारीक शेकडो नळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या नळ्यांच्या भिंतीत शुक्राणू बनतात.

दुसरं काम टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवण्याचं. नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी ते बनवतात आणि ते थेट रक्तात जातं. मिसरूड फुटणं, आवाज फुटणं, अंगात ताकद येणं, शरीरसंबंधाची इच्छा होणं हे सगळं त्याच्यामुळे.

म्हणजे एखाद्या माणसाला दाढीमिशी भरघोस आहे, पोतं उचलायची ताकद आहे, संबंधातही काही अडचण नाही, तरी त्याच्या वीर्यात शुक्राणू कमी असू शकतात किंवा अजिबात नसू शकतात. दुसरं काम चांगलं चाललंय म्हणून पहिलं चालतच असेल असं नाही. "मी काय कमी आहे का? मला कशाला तपासणी?" असं म्हणणाऱ्या नवऱ्याला हेच समजावून सांगायचं. तपासणी मर्दानगीची नसते, नळ्यांतल्या कामाची असते.

वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटून आणखी एक नळी वेटोळं घालून बसलेली असते. तिला अधिवृषण म्हणतात. दिसायला एवढीशी, पण उलगडली तर सुमारे सहा मीटर, म्हणजे नऊवारी लुगड्याच्या लांबीच्या पाऊणपट! नवे शुक्राणू इथे येऊन पक्के होतात. तिथून पुढे शुक्रवाहिनी नावाची नळी पोटात वर जाते. उजवीकडे एक, डावीकडे एक. पुरुष नसबंदीत याच दोन नळ्या बंद करतात.

पोटात, लघवीच्या पिशवीच्या मागे आणि खाली दोन प्रकारच्या ग्रंथी असतात, शुक्राशय आणि पुरस्थ ग्रंथी. पुरस्थ म्हणजेच प्रोस्टेट. म्हाताऱ्या माणसांची लघवी अडते, थेंबथेंब होते, तेव्हा डॉक्टर म्हणतात ना, "प्रोस्टेट वाढलंय", तेच हे. या ग्रंथी पातळ रस तयार करतात. शुक्राणू आणि हे रस मिळून वीर्य होतं.

लघवी आणि वीर्य बाहेर येण्याची वाट एकच असते. पण वीर्य येताना लघवीच्या पिशवीचं तोंड आपोआप मिटतं, त्यामुळे दोन्ही एकत्र येत नाहीत.

ही पिशवी शरीराबाहेर का?

बाईचे बीजकोश पोटात सुरक्षित, मग पुरुषाचे वृषण बाहेर का टांगलेले? कारण शुक्राणूंना उष्णता सोसत नाही. अंगाच्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता असेल तरच ते नीट बनतात. म्हणून थंडीत ही पिशवी आखडून अंगाला चिकटते आणि उन्हाळ्यात सैल होऊन खाली लोंबते. उष्णता सांभाळायची ही शरीराची युक्ती आहे. त्यात आजार काही नाही.

म्हणूनच जोराचा ताप येऊन गेला, की पुढचे दोन-तीन महिने शुक्राणूंची संख्या घटलेली असू शकते. भट्टीपाशी तासन् तास उभं राहणं किंवा रोज खूप गरम पाण्यात बसणं, यानेही फरक पडू शकतो.

शुक्राणू बनायला लागतात अडीच-तीन महिने

इथे बाई आणि पुरुष यांच्यात मोठा फरक आहे. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोशात आयुष्यभराची बीजं असतात. नंतर नवी तयार होत नाहीत. त्यातलं साधारण एक बीज दर महिन्याला पिकून बाहेर पडतं आणि चाळिशी-पन्नाशीत पाळी जाते. पुरुषाचं काम वयात आल्यावर, म्हणजे बारा-चौदाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं आणि म्हातारपणापर्यंत चालतं. वयानुसार मंदावतं, पण आपल्या पाळीसारखं एकदम थांबत नाही. रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होत असतात.

ते बनतात कसे? नळ्यांच्या भिंतीत मूळ पेशी असतात. एका मूळ पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. त्यातल्या काही पुढच्या कामाला जातात आणि काही तशाच मागे राहतात. आपण दही लावताना चमचाभर विरजण मागे ठेवतो ना, तसंच. विरजण शिल्लक असतं म्हणून रोज नवं दही लागतं. मूळ पेशी शिल्लक राहतात म्हणून शुक्राणू संपत नाहीत.

पुढे गेलेल्या पेशीत एक महत्त्वाची गोष्ट घडते. आपल्या शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. गुणसूत्रं म्हणजे आईबापांकडून आलेल्या गुणांच्या गाठोड्या. शुक्राणू होताना त्यांची निम्मी वाटणी होते आणि २३ उरतात. बाईच्या बीजातही २३च असतात. दोन्ही भेटले की पुन्हा ४६ होतात. बाळाचं नाक बापासारखं आणि डोळे आईसारखे, ते यामुळेच. बाळात निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा.

वाटणी झाल्यावर एका पेशीच्या चार पेशी होतात. त्या आधी गोल असतात. हळूहळू त्यांना डोकं आणि शेपूट येतं, पावसाळ्यात डबक्यात दिसणाऱ्या बेडकाच्या पिल्लासारखं. पण शुक्राणू इतका बारीक, की वीस शुक्राणू एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय तो दिसत नाही. हॉलंडच्या लेव्हेनहूक नावाच्या माणसाने १६७७ साली घरी बनवलेल्या भिंगातून तो पाहिला. तोवर कुणाला कल्पनाच नव्हती.

मूळ पेशीपासून शेपूटवाल्या शुक्राणूपर्यंत ६५ ते ७५ दिवस लागतात. मग अधिवृषणात पक्का व्हायला आणि पोहायला शिकायला आणखी काही दिवस जातात. सगळे मिळून अडीच ते तीन महिने धरा. मग रोज शुक्राणू कसे मिळतात? भाजीच्या वाफ्यांसारखे. एका वाफ्यात आज बी टाकलंय, दुसऱ्यात रोप आलंय, तिसऱ्यात तोडणी चालू आहे. नळीच्या प्रत्येक तुकड्यात वेगळी अवस्था असते, म्हणून माल रोज निघतो. पण आज बाहेर आलेल्या शुक्राणूची पेरणी तीन महिन्यांपूर्वीची असते.

हा तीन महिन्यांचा हिशोब मनात पक्का करा. आज दारू-तंबाखू सोडली, औषध सुरू केलं, तर फरक दिसायला निदान तीन महिने लागतात. "पंधरा दिवसांत शुक्राणू दुप्पट" म्हणून पुडी विकणारा खोटं बोलतो, हे आपलं आपल्यालाच कळेल.

वीर्य, ‘धातू’ आणि भिंतीवरच्या जाहिराती

वीर्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट यांच्या रसाचा असतो. शुक्राणूंचा भाग शंभरात दोन ते पाच एवढाच. म्हणून वीर्य नुसतं डोळ्यांनी बघून काही कळत नाही. घट्ट दिसलं म्हणजे शुक्राणू भरपूर आणि पातळ दिसलं म्हणजे कमी, असं नसतं.

"शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो" हे खरं नाही. वीर्य ग्रंथी बनवतात आणि ते पुन्हा पुन्हा बनत राहतं. वयात आलेल्या मुलाचं झोपेत वीर्य गेलं तर तो आजार नाही आणि त्याने अशक्तपणाही येत नाही. आपली मुलगी पहिल्यांदा बाजूला बसते तेव्हा आपण तिला समजावतो. मुलाला मात्र कुणी काही सांगत नाही. मग तो एस.टी. स्टँडच्या भिंतीवर लिहिलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे जातो आणि हजारो रुपये घालवतो. आईने एवढंच म्हणावं, "बाळा, या वयात असं होतंच, घाबरू नको."

मुलगा की मुलगी, ठरतं बापाकडून

२३ गुणसूत्रांतलं एक लिंग ठरवणारं असतं. बाईच्या प्रत्येक बीजात ते एक्स असतं, दुसरं असूच शकत नाही. शुक्राणूंत मात्र साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्सवाला शुक्राणू बीजाला मिळाला तर मुलगी, वायवाला मिळाला तर मुलगा.

हे शोधणाऱ्यांत एक बाई होत्या. अमेरिकेच्या नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठात होणाऱ्या किड्यांचे शुक्राणू तपासले आणि नर-मादी कशाने ठरतं ते दाखवलं. जे किडे आपण चाळणीने चाळून फेकून देतो, त्यांनीच हे सांगितलं.

तेव्हा "तिला मुलीच होतात" या बोलण्याला काही अर्थ नाही. बाईच्या हातात ते नाही. बापाकडून येतं, पण कुठला शुक्राणू पोचेल हे बापाच्याही हातात नाही. मुलगा होण्याचं औषध जगात नाही. आणि गर्भाचं लिंग तपासणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

मूल होत नाही तेव्हा

कोणतंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. अशा जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं. कधी एकट्या पुरुषाचं, कधी दोघांचं मिळून.

पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्य तपासणी. सुई नाही, भूल नाही, दुखणं नाही. खाजगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते का, याची आशाताईंकडे चौकशी करा. बाईच्या नळ्यांचा फोटो किंवा दुर्बीण यांना हजारो रुपये लागतात आणि त्रासही होतो. मग आधी कोणती करायची? हिशोब तर आपल्याला येतोच.

तपासणी करताना एवढं सांभाळा:

• त्याआधी किमान २ दिवस आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्य गेलेलं नसावं.
• लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीतच नमुना घ्यावा. साध्या निरोधात घेतलेला नमुना चालत नाही.
• घरून आणणार असाल तर तासाभराच्या आत पोचवावा आणि डबी अंगाच्या उबेत ठेवावी. लॅबमध्येच दिला तर सगळ्यात चांगलं.
• गेल्या तीन महिन्यांत टायफॉईड, डेंग्यू असा मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगावं.
• पहिला रिपोर्ट कमी आला तर घाबरू नये. काही आठवड्यांनी, नाहीतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावं. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी मुख्य असतात: संख्या किती, हलतात किती आणि आकार कसा. दर मिलिलिटरला सुमारे दीड कोटीपेक्षा जास्त शुक्राणू आणि त्यातले शंभरात चाळीस तरी हलणारे असतील, तर ते साधारण ठीक समजतात. आकडा कमी असला तरी मूल होणारच नाही असं नाही, वेळ जास्त लागू शकतो. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

शुक्राणू कमी होण्याची कारणं अनेक आहेत. पिशवीतल्या शिरा फुगणं हे एक नेहमी सापडणारं कारण आहे. त्यावर ऑपरेशन होतं. वयात आल्यावर गालफुगी होऊन वृषणाला सूज आली असेल, लहानपणी वृषण खाली उतरले नसतील, जंतुसंसर्गाने नळी बंद झाली असेल, तर अडचण येते. तंबाखू, बिडी आणि दारू यांचाही वाटा असतो. गावातली तरणी पोरं व्यायामशाळेत बॉडी बनवण्यासाठी जी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, त्यांनी शुक्राणू वाढत नाहीत, उलट बनायचे थांबतात. बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदू वृषणांना कामाचा निरोप देणंच बंद करतो.

फवारणीचंही बघा. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारांच्या बोलण्यातून लक्षात आलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूलच होत नाहीये. तपासल्यावर अनेकांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य निघाले. तिथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमी मारणारं औषध बनत होतं. पुढे तिथे त्यावर बंदी आली. ते आपापसात बोलले म्हणून कळलं. आपल्या शेतात ते औषध नसेल, पण कोणतीही फवारणी करताना मालकांनी हातमोजे, तोंडाला फडकं आणि पूर्ण कपडे घालावेत. नंतर अंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

नवऱ्याशी बोलायचं कसं? "तुमच्यात काही दोष आहे का बघा" असं म्हटलं की भांडण होतं. त्यापेक्षा "डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय, तुमची तपासणी साधी आहे, आधी ती करू म्हणजे माझा खर्च वाचेल" असं म्हणून बघा. ऐकत नसतील तर आशाताई, आरोग्यसेवक किंवा घरातल्या समजूतदार दिराकडून सांगा. सासूबाईंनाही हा लेख वाचून दाखवा. कितीतरी घरांत सासूनेच लेकाला दवाखान्यात धाडलेलं आहे.

आणि रिपोर्ट कमी आला, तर आपणही त्याला टोमणे मारायचे नाहीत. आपण जे सोसलं ते दुसऱ्याला द्यायचं नाही. आजार आहे, त्यावर उपाय आहेत. काहींना औषध किंवा ऑपरेशन लागतं, काहींना मोठ्या दवाखान्यातली मदत लागते. काही जोडपी कायद्याप्रमाणे मूल दत्तक घेतात. मूल होत नाही म्हणून पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं हे मात्र हिंदू विवाह कायद्याप्रमाणे १९५५पासून गुन्हा आहे. कारण त्याच्या बाजूचं असेल, तर दुसरी आणून तरी पाळणा कसा हलणार?

नसबंदी: दोन नळ्या, एक छोटं छिद्र

आता उलटा प्रश्न. मुलं पुरे झाली, ऑपरेशन कुणी करायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१चे देशाचे आकडे बघा. लग्न झालेल्या बायकांत शंभरात जवळपास ३८ जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्याने नसबंदी केली अशा शंभरात एकही भरत नाही, हजारात तीन भरतात.

खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं आहे. पोट उघडावं लागत नाही. जागेपुरती भूल देऊन पिशवीच्या कातडीला छोटं छिद्र करतात आणि दोन्ही शुक्रवाहिन्या बंद करतात. बिनटाक्याच्या पद्धतीत टाकाही नसतो. पाऊण तासाच्या आत काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. दोन दिवस आराम करायचा, जड काम आणि सायकल आठवडाभर नको.

"ताकद जाते" ही भीती खोटी का, हे आता तुम्हीच सांगू शकाल. ताकद देणारं टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, बंद केलेल्या नळीतून जात नाही. वीर्य पूर्वीइतकंच येतं, कारण त्यातला बहुतेक रस वरच्या ग्रंथींचा असतो. अडवलेले शुक्राणू शरीरात जिरून जातात. आणीबाणीत, १९७५ ते ७७च्या काळात, पुरुषांच्या नसबंद्या जबरदस्तीने केल्या गेल्या. ती दहशत घराघरांत अजून बोलली जाते. जबरदस्ती तेव्हाही चूक होती, आजही कुणावर नको. पण राजीखुशीने करणाऱ्याला खरी माहिती मिळायला हवी.

दोन गोष्टी विसरू नका. ऑपरेशननंतर लगेच निर्धास्त व्हायचं नाही. पुढच्या नळीत जुने शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून शुक्राणू शून्य आल्याची खात्री करायची. तपासणी न करता संबंध आले आणि दिवस राहिले, की संशय बायकोवर येतो. असे संसार मोडलेत. दुसरं, नसबंदी कायमची समजूनच करायची, आणि तिने एचआयव्हीसारख्या आजारांपासून बचाव होत नाही.

मुलांच्या आयांनी एवढं बघा

• बाळाला कोमट पाण्याने अंघोळ घालताना पिशवीत दोन्ही गोळ्या हाताला लागतात का, ते बघा. सहा महिन्यांनंतरही एखादी खाली उतरली नसेल तर डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं चांगलं. "मोठा झाला की उतरेल" म्हणून थांबू नका. उशीर झाला तर शुक्राणू बनण्याची ताकद कमी होते आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो.
• मुलाच्या एका बाजूच्या गोळीत अचानक जोराची कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. वयात येणाऱ्या मुलांत हे जास्त दिसतं. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोळी बहुतेक वाचते. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. शेक, लेप, मालिश काही नको, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.
• जांघेत फुगवटा येतो-जातो, रडताना-खोकताना वाढतो, तो हर्निया असू शकतो. तो दाबून आत जाईना आणि दुखायला लागला तर लगेच न्या.
• पिशवीत पाणी साठून ती मोठी होते, तिला अंडवृद्धी म्हणतात. आपल्याकडे पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळेही ती होते. लाजून वर्षानुवर्षं लपवू नये, ऑपरेशनने बरी होते.
• मुलगा लाजेने सांगत नाही. "तिथे दुखलं तर आधी मला सांग" हे घरात आधीच सांगून ठेवा.

बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गावात मूल नसलेल्या जोडप्यांत आधी कुणाची तपासणी होते? का?
२. उपचारासाठी कर्जाचा अर्ज आला, तर "दोघांची तपासणी झाली का?" हे अध्यक्ष-सचिवांनी एकांतात, प्रेमाने विचारायचं का? रिपोर्ट मागायचा नाही, नाव बैठकीत काढायचं नाही, हा नियम आधी करा.
३. आपल्या गटात किती जणींची ऑपरेशनं झाली? किती जणींच्या मालकांची?
४. वयात येणाऱ्या मुलांशी गावात कोण बोलू शकेल? शिक्षक, आरोग्यसेवक, कुणी मोठा भाऊ?

थोडक्यात लक्षात ठेवा

• बाळात निम्मा वाटा बापाचा, म्हणून तपासणीही दोघांची, आणि आधी सोपी आणि स्वस्त ती.
• शुक्राणू बनायला अडीच ते तीन महिने. औषधाला, व्यसन सोडण्याला आणि नसबंदीनंतरच्या खात्रीला हाच हिशोब.
• ताकद वेगळी, शुक्राणू वेगळे.
• मुलगा-मुलगी बाईमुळे ठरत नाही.
• अचानक कळ आली तर सहा तास, विसरू नका.

हा अंक वाचून झाल्यावर घरात लपवून ठेवू नका. टीव्हीजवळ, चहाच्या कपाशेजारी, मालकांच्या नजरेला पडेल असा ठेवा. पुढच्या अंकात पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींविषयी बोलू. तुमचे प्रश्न ग्रामसंघाच्या बैठकीत चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहायची गरज नाही.